चौदाव्या मिनिटाची नोंद

भाग्यश्रीला लपवाछपवीचा मनस्वी तिटकारा होता. कॉलेजात दोन माणसं कोपऱ्यात कुजबुजताना दिसली तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. असं माणूस नोकरीत फार वर चढत नाही, आणि तीही चढली नव्हती. इंजिनिअरिंग कॉलेजाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये वीस वर्षं एकाच खुर्चीत होती. पण 'मोकळीक'मध्ये तिचा शब्द अखेरचा असे.

'मोकळीक' हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मराठी मंडळींचा गट. ज्यावर कुणाची मालकी नाही, जे कुणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं आणि पुढे द्यावं, असं सॉफ्टवेअर बनवणारी आणि वापरणारी ही माणसं. कुणी शाळामास्तर, कुणी कंपनीत, कुणी बँकेतून निवृत्त. पगार कुणालाच नाही, हौस मात्र दांडगी. वर्षातून एकदा शनिवार-रविवार त्यांचं ऑनलाइन संमेलन भरायचं, आणि भरायचं म्हणजे धायरीला भाग्यश्रीच्या जेवणाच्या टेबलावर. दोन लॅपटॉप, एक उसना मॉनिटर आणि इंटरनेटची दोन वेगवेगळी कनेक्शनं, कारण धायरीत रस्ता कोण कधी खणेल याचा नेम नाही. त्या दोन दिवसांत घरच्यांनी मांडीवर ताट घेऊन जेवायचं, असा अलिखित करार होता.

गटाचा सगळा कारभार उघड. कुणाचं व्याख्यान घेतलं, कुणाचं नाकारलं, का नाकारलं, सगळं लिस्टवर जायचं. लिस्ट म्हणजे सगळ्या सभासदांना एकदम पोचणारा ईमेल. स्वयंसेवकांचे फोन आणि पत्तेसुद्धा साइटवर लावलेले. भाग्यश्रीचा नवरा बद्रीनाथ एकदा म्हणाला होता, आज घरात कुठली भाजी केली तेही टाक लिस्टवर, कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवतील. भाग्यश्रीला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

संमेलनातली व्याख्यानं थेट होत नसत. बोलता बोलता वक्त्याचं नेट गेलं तर पंचाईत, म्हणून त्याने पाच दिवस आधी रेकॉर्डिंग पाठवायचं. ठरल्या वेळी ते लागायचं, आणि वक्त्याने तेव्हाच चॅटमध्ये बसून प्रश्नांची उत्तरं टाइप करायची. यंदा एकेचाळीस रेकॉर्डिंग आली होती. तपासायला माणसं दोन : भाग्यश्री, आणि हडपसरच्या एका आयटी पार्कात नोकरी करून सगळी तांत्रिक बाजू सांभाळणारा पुष्कर. एकेचाळीस व्याख्यानं पूर्ण बघायची तर दोघांनी रजाच टाकायला हवी होती. म्हणून भाग्यश्रीने पाच वर्षांपूर्वी एक युक्ती काढली होती. पहिलं मिनिट, मधलं मिनिट, शेवटचं मिनिट बघायचं. आवाज येतोय, पडदा दिसतोय, फाइल शेवटपर्यंत धड आहे, एवढं झालं की तक्त्यात 'तपासले' अशी खूण करून पुढे जायचं. पाच वर्षं ही युक्ती छान चालली होती, आणि भाग्यश्रीला तिचा थोडा अभिमानही होता.

मैत्री सोनवणेचं रेकॉर्डिंग सव्वीस मिनिटांचं होतं. मधलं मिनिट तेरावं. भाग्यश्रीने ते बघितलं, आवाज स्वच्छ होता, खूण केली.

मैत्री सव्वीस वर्षांची, येरवड्याची. दिवसभर कंपनीत राबायची आणि सुट्टीला घराजवळच्या बुद्धविहाराच्या वाचनालयात बसायची. ते वाचनालय तिचे वडील चालवत. कोंडीराम सोनवणे एकतीस वर्षं सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी विहारातली चार हजार पुस्तकं स्वतःच्या हाताने रजिस्टरांत चढवली होती. मैत्रीने ती रजिस्टरं एका भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरवर मुक्त सॉफ्टवेअर घालून उतरवली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात बाप, मैत्री आणि थोरला भाऊ प्रज्ञेश, एवढीच माणसं. व्याख्यान दे म्हणून भाग्यश्री दोन वर्षं मैत्रीच्या मागे लागली होती. यंदा पोरीने धीर केला होता.

शनिवारी साडेअकराला तिचं व्याख्यान लागलं. दोनशेवर माणसं बघत होती. त्याशिवाय विहाराच्या हॉलमध्ये कोंडीरामांनी भाड्याने प्रोजेक्टर आणून भिंतीवर चित्र पाडलं होतं आणि गल्लीतली पन्नासेक माणसं खुर्च्यांवर बसवली होती. मैत्री बाजूला लॅपटॉप घेऊन चॅट सांभाळत होती. भाग्यश्री एका कानाने ऐकत दुपारच्या सत्राचा क्रम लावत होती. सगळं कसं सुतासारखं सरळ चाललं होतं.

पावणेबाराला मैत्रीचा फोन आला. ती हॉलबाहेर जिन्यात उभी होती, आवाज अगदी खाली होता.

"ताई, चौदावं मिनिट बघा. आत्ताच गेलं. ताई, बघा ना."

भाग्यश्रीने दुसऱ्या लॅपटॉपवर फाइल मागे नेली. पडद्यावर कोंडीरामांच्या अक्षरातल्या रजिस्टराचं पान होतं आणि मैत्री त्यावर बोलत होती. एकाएकी पडद्याच्या कोपऱ्यात, फोनवर आलेला मेसेज कॉम्प्युटरवर दिसतो तशी, एक चौकट उघडली. वर प्रज्ञेशचं नाव, आणि खाली : 'बाबांचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत गेलाय. त्यांना यातलं काही सांगायचं नाही.' नऊ सेकंद ती चौकट तिथे होती, मग गेली.

हे शब्द आत्ता येरवड्यात आठ फुटी भिंतीवर उमटले होते, आणि पहिल्या रांगेत कोंडीराम बसले होते.

मैत्रीने जिन्यातच भराभर सांगितलं. गेल्या रविवारी रेकॉर्डिंग करतानाच तो मेसेज आला. आपण फक्त पुस्तकांच्या यादीची खिडकी रेकॉर्ड करतोय असा तिचा समज होता. झाला होता अख्खा पडदा. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि पुन्हा पहिल्यापासून बोलण्याची, किंवा बोललेलं ऐकण्याचीही, तिची छाती झाली नाही. तशीच फाइल पाठवली. वडिलांना अल्सर सांगितलाय, गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांच्या मते आता करण्यासारखं फारसं उरलेलं नाही, निदान आहेत ते महिने तरी निवांत जावेत असं भावंडांनी ठरवलंय.

"तुम्ही तपासलं होतं ना, ताई?" तिने विचारलं. त्यात दोष देणं नव्हतं. नुसतं विचारणं होतं.

"तीन मिनिटं," भाग्यश्री म्हणाली. "तीनच मिनिटं बघितली होती मी."

बाबांनी पाहिलं का, हे भाग्यश्रीने कसंबसं विचारलं. मैत्रीच्या मते नव्हतं पाहिलं. नेमक्या त्या वेळी उशिरा आलेल्या बायकांना बसवायला ते मागे वळून खुर्च्या सरकवत होते. बाकीच्यांपैकी कुणी वाचलं असेल तर तसं दाखवलं नव्हतं. पण सकाळपासून ते हॉलमध्ये सगळ्यांना सांगत होते की एक वाजता रेकॉर्डिंग साइटवर येतं, मग आपल्याला घरी निवांत पाहता येईल. एकदा नाही, दहादा पाहणार होते ते. गावाकडच्या भावाला पाठवणार होते, जुन्या साहेबांना पाठवणार होते.

हातात सव्वा तास होता. पुष्करला फोन लावून भाग्यश्रीने नऊ सेकंद कापायला सांगितले. त्याने कारण ऐकलं, एक शब्द न बोलता दहा मिनिटांत काम केलं. खरं संकट पुढे होतं. मोकळीकवाल्यांची एक जुनी खोड होती. आपला सर्व्हर कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून तीन गावचे तीन सभासद व्याख्यान चालू असतानाच त्याची प्रत उतरवून घेत आणि आपापल्या सर्व्हरवर सगळ्यांसाठी ठेवत. एकदा जगाला दिलेली गोष्ट परत मागता येत नाही, हे भाग्यश्री दरवर्षी नव्या मुलांना छाती फुगवून सांगायची. आज तीच गोष्ट परत मागायला ती फोन फिरवत बसली.

दोघांनी लगेच पुसलं. तिसरे सोलापूरचे उत्तरेश्वर, निवृत्त मुख्याध्यापक, नियमाला पक्के. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, लिस्टवर रीतसर टिपण येऊ द्या, मी लगेच पुसतो. नियम तुमचाच आहे, मॅडम.

नियम तिचाच होता. चार वर्षांपूर्वी एका वक्त्याने आपल्याच कंपनीचं पितळ उघडं पाडलं होतं, आणि गटातल्याच कुणीतरी दबावाखाली ते व्याख्यान गुपचूप काढून टाकलं होतं. विचारलं तर उत्तर काय, 'वैयक्तिक कारण'. भाग्यश्रीने तेव्हा आकाशपाताळ एक केलं आणि मतदान घेऊन नियम करवला : प्रसारित झालेलं काहीही काढलं तर काय काढलं, किती काढलं आणि का काढलं, हे लिस्टवर स्पष्ट शब्दांत लिहायचं. मोघम कारण चालणार नाही.

तिने टिपण लिहायला घेतलं. 'मैत्री सोनवणे यांच्या व्याख्यानातील १४ मिनिटे ०८ सेकंद ते १४ मिनिटे १७ सेकंद हा भाग काढला आहे. कारण : वक्त्याच्या घरातील एका व्यक्तीच्या गंभीर आजाराची माहिती चुकून पडद्यावर आली होती. त्या व्यक्तीला स्वतःला ही माहिती नाही. तरी ज्यांनी प्रत उतरवली असेल त्यांनी कृपया पुसावी. रेकॉर्डिंग तपासण्यात चूक माझी. भाग्यश्री.'

पुष्करने मसुदा वाचून फोन केला. "ताई, 'वैयक्तिक कारण' एवढं बास आहे. बाकीचं कशाला?"

भाग्यश्री त्याच्यावर उखडली. वैयक्तिक कारण हेच शब्द त्या लोकांनी वापरले होते, आणि आज आपल्यावर वेळ आली म्हणून आपणही तेच करायचं का, असं तिने त्याला ऐकवलं. शिवाय कारण पटेल असं असलं तरच माणसं पुसतील, नाहीतर कुणी मुद्दाम जपून ठेवेल. नाव तर कुणाचं लिहिलेलं नाही. पुष्करने हात टेकले. एकला वीस मिनिटं कमी असताना टिपण गेलं आणि पाचच मिनिटांत सोलापूरहून उत्तर आलं : पुसले.

एक वाजता कापलेलं व्याख्यान साइटवर आलं. दीडला मैत्रीचा मेसेज आला की बाबा घरी जेवायला बसलेत, खूश आहेत, शेजारचे धोंडिबा त्यांना लेकीवरून चिडवतायत. भाग्यश्रीचा जीव भांड्यात पडला. इतकंच नाही, तिला आतून थोडं समाधानही वाटलं. चूक झाली होती, पण ती लपवली नव्हती. नियमही पाळला होता आणि माणूसही राखला होता. बद्रीनाथने आयतं ताट आणून दिलं, ते तिने मांडीवर घेऊन चवीने खाल्लं.

रविवारी जेवणाची सुट्टी दीड ते अडीच होती. सव्वादोनला दारावरची बेल वाजली. बद्रीनाथने दार उघडलं आणि आत येऊन म्हणाला, येरवड्याहून सोनवणे म्हणून कुणी आलेत.

कोंडीराम दोन बस बदलून आले होते. पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. मागे कधीतरी भाग्यश्री वाचनालयात गेली होती तेव्हापेक्षा ते अर्धे झाले होते. गळ्याशी शर्ट मोठा दिसत होता. "जय भीम, ताई," म्हणून ते खुर्चीच्या कडेवर बसले. पत्ता साइटवर होता, सापडायला अडचण पडली नाही, असं त्यांनी सांगितलं. बद्रीनाथ चहा टाकायला आत गेला तो मुद्दामच बाहेर आला नाही.

फोल्डरमधून त्यांनी एक कागद काढला. झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतलेलं तिचं टिपण होतं. एका ओळीखाली पट्टी लावून लाल रेघ ओढली होती.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो, काका. पण तुमच्याकडे हे..."

मैत्रीनेच आपल्याला लिस्टवर घातलंय, ते म्हणाले. संमेलनाच्या कार्यक्रमात लेकीचं नाव आलं की बापाला दिसावं, म्हणून. मग त्यांनी कागद टेबलावर तिच्याकडे वळवून ठेवला आणि बोटाने नीट केला.

"छान लिहिलंय. किती काढलं, कुठून कुठपर्यंत, का काढलं, कुणाची चूक, खाली सही. एकतीस वर्षांत मला असं टिपण लिहिणारा कारकून मिळाला नाही."

हे कौतुक आहे की चपराक, तिला कळेना. बहुधा दोन्ही असावं. कोंडीराम हिशोबी आवाजात पुढे बोलत राहिले. घरात माणसं तीन. मैत्रीला स्वतःला काही झालं असतं तर ते तिला माहीतच असणार, मग 'स्वतःला माहिती नाही' हे तिला लागू नाही. प्रज्ञेश गेल्या महिन्यात रक्तदान करून आला, ठणठणीत आहे. आणि दवाखान्यातून पोटाचा तुकडा तपासायला नेला होता तो कुणाचा?

"उरलं कोण, ताई?"

भाग्यश्रीने कागद आपल्याकडे ओढला. काल आठ फुटी भिंतीवर उमटलं ते या माणसाने पाहिलं नव्हतं. खुर्च्या सरकवण्यात ते टळलं होतं. नऊ सेकंद होते, उडून गेले होते. त्याला सांगितलं ते तिने. स्वतःच्या हाताने, स्वच्छ मराठीत, वेळेसकट. नियम पाळल्याचं कालचं समाधान तिला आठवलं आणि स्वतःची शिसारी आली.

"मैत्रीशी बोललात?" तिने विचारलं.

"नाही. बोलणारही नाही. विचारलं की ती खोटं बोलेल, आणि तिला खोटं बोलता येत नाही. तिचे हाल होतील." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या नऊ सेकंदांत काय होतं, ते मला बघायचंय."

मूळ फाइल भाग्यश्रीच्या लॅपटॉपवर होती. तिघांना पुसायला लावली आणि स्वतः मात्र पुसली नव्हती. एखादी नोंद कायमची नष्ट करायला तिचा हात धजला नव्हता. फाइल नाही असं म्हणता आलं असतं. मैत्रीच्या मावशीबद्दल होतं असंही म्हणता आलं असतं. दोन्ही वाक्यं तिच्या ओठापर्यंत आली. समोरचा माणूस एकटक तिच्याकडे बघत होता आणि त्याला खोटं ओळखायची सवय होती.

"काका, नको. हे तुमच्या मुलांनी सांगायचं आहे."

"मुलं सांगणार नाहीत. आठ महिने पोटात दुखतंय ते मला माहीत आहे, ताई. फक्त त्याचं नाव माहीत नाही. आता नाव असलेला कागद कुठे आहे तेही कळलंय, आणि तुम्ही म्हणता फाइल मिळणार नाही." ते थोडं थांबले. "आमच्या कचेरीत लोकांना असं सांगून परत पाठवणारे होते. मी कधी पाठवलं नाही."

टेबलाच्या टोकाला मॉनिटरच्या स्पीकरमधून पुष्करचा आवाज येत होता; दुपारचं सत्र सुरू करायची वेळ झाली होती, ताई आहात का, म्हणून तो विचारत होता. भाग्यश्रीने लॅपटॉप कोंडीरामांकडे वळवला आणि तेरा मिनिटं पन्नास सेकंदांवर फाइल नेली.

मैत्रीचा आवाज आला. चौकट उघडली. कोंडीरामांनी पडद्याजवळ तोंड नेऊन ओठ हलवत एकेक शब्द वाचला, शाळेत पोरं वाचतात तसा. चौकट गेली. ते मागे टेकले. चेहऱ्यावर फारसं काही उमटलं नाही; हात मात्र शर्टाच्या बटणावर गेला आणि तिथेच राहिला.

"जरा मागे घ्या," ते म्हणाले.

या वेळी ते पडद्याकडे बघत नव्हते, ऐकत होते. 'हे अक्षर माझ्या बाबांचं. त्यांनी प्रत्येक पुस्तकाला...' इथे मैत्री थांबली होती. चार-पाच सेकंद काहीच नव्हतं, नुसता पंख्याचा आवाज. मग तिने घसा खाकरला. 'प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक दिला, आणि तोच क्रमांक आपण इथे कायम ठेवलाय.'

"हे वाचून पुढे बोलत राहिली?"

"हो."

"किती वेळ?"

"बारा मिनिटं, काका."

"लावा," ते म्हणाले.

बारा मिनिटं कोंडीराम मान खाली घालून लेकीचं व्याख्यान ऐकत होते. रजिस्टरांच्या गोष्टी, हरवलेल्या पुस्तकांच्या गोष्टी, बाबा कसे रागावतात त्याची एक गंमत. ती सांगताना मैत्री चक्क हसली होती. काल भिंतीवर पाहताना त्यांनीही याच ठिकाणी हसून मागच्यांकडे पाहिलं असणार. आत्ता त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले आणि तो परत घडी करून खिशात ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मोकळीकच्या संमेलनाचं सत्र उशिरा सुरू झालं, आणि ते पुष्करने एकट्याने केलं.

"काका, माझ्याकडून चूक झाली," भाग्यश्री म्हणाली. "दोनदा झाली."

"झाली खरी," कोंडीराम म्हणाले.

ती आणखी काही बोलणार होती, पण त्यांनी हाताने थांबवलं. छापलेला कागद त्यांनी फोल्डरमध्ये परत घातला नाही. घडी घालून तिच्यापुढे सारला. मैत्रीला यातलं काही कळता कामा नये, असं त्यांनी सांगितलं. बाबांना माहीत नाही एवढ्या एका आधारावर ती पोरगी उभी आहे; तो काढून घेतला तर ती घरात रोज आपल्यापुढे रडायची, आणि ते आपल्याला बघवायचं नाही. प्रज्ञेशलाही नको. सगळ्यांनी ठरवलंय तसंच चालू दे.

"आणि हे लिस्टवर टाकू नका," ते उठता उठता म्हणाले.

बद्रीनाथ त्यांना स्कूटरवरून बसपर्यंत सोडायला गेला. भाग्यश्री टेबलाशी बसली आणि मूळ फाइल पुसली. मग तिने तो कागद बारीक फाडला. बद्रीनाथ परत आला, तिच्याकडे बघून काही विचारावं असं त्याला वाटलं, पण त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि नवऱ्यापासून काही ठेवायची तिची ही पहिलीच वेळ होती.

पाचला समारोप होता. त्याआधी दहा मिनिटं मैत्रीचा फोन आला. आवाज आनंदी होता, निदान बराचसा. बाबा सकाळी जुन्या साहेबांकडे जातो म्हणून गेले होते ते आत्ता आले, येताना पेढे घेऊन आले, आणि व्याख्यानाचे म्हणून अख्ख्या गल्लीला वाटतायत. गल्लीतल्या सुंदराबाई आजींना तर दोन दिले. मग ती जराशी अडखळली.

"ताई, मला आत्ता आठवलं. बाबांचा ईमेल मीच लिस्टवर टाकला होता. तुमचं ते टिपण मी आत्ता वाचलं. त्यांनी वाचलं नसेल ना?"

भाग्यश्रीने फोन दुसऱ्या कानाला लावला. समोरच्या पडद्यावर माणसं जमत होती, पुष्कर तिला हात करत होता.

"नाही," ती म्हणाली.

"नक्की ना? त्यात जे लिहिलंय ते वाचलं असतं तर त्यांना लगेच..."

"नक्की. वाचलं असतं तर त्यांनी मला फोन केला असता. कुणाचा फोन नाही, काही नाही. तू काळजी करू नकोस."

पलीकडे मैत्रीने श्वास सोडलेला ऐकू आला. मग ती रडू लागली, पण सुटल्यासारखी. तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला ताई, असं ती दोनदा म्हणाली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मनात पाल चुकचुकत राहिली असती. तुम्ही उगीच बरं वाटावं म्हणून बोलणाऱ्यातल्या नाही.

मागून कोंडीरामांचा आवाज आला, फोनवर कोण आहे म्हणून. मैत्रीने नाक ओढून, घाईघाईने आवाज नीट करत भाग्यश्रीताई म्हणून सांगितलं.

"बाबा जय भीम म्हणतायत तुम्हाला," ती म्हणाली.

"माझाही सांग," भाग्यश्री म्हणाली, आणि फोन ठेवून समारोपाला बसली.